जुन्या बुलेटसाठी सील पॅक मेंटेनन्स फ्री बॅटरी कुठली घ्यावी? (१९९६ ची, किकवाली, पॉइंटवाली)

घाटवाट_९६

नमस्कार मंडळी. बाबांची १९९६ ची बुलेट ३५० आहे, साताऱ्यात असते. उजव्या पायाला गिअर, किक स्टार्ट, पॉइंटवाली (स्पार्कसाठी वीज जोडणारे-तोडणारे यांत्रिक संपर्क), १२ व्होल्ट. बाबा गेल्यावर तीन वर्षांपूर्वी पूर्ण काम करून घेतलं, टाकीला रंग, क्रोम, फ्रेम आणि सगळ्या ब्रॅकेटला पावडर कोटिंग, नवीन वायरिंग. आधी तिच्यात पाणी टाकायची ५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता) बॅटरी असायची. बाबा दर महिन्याच्या एक तारखेला इंजेक्शनच्या सिरिंजने डिस्टिल वॉटर भरायचे, मी टॉर्च धरायचो. पण एकदा ओव्हरफ्लोची नळी निसटली आणि ॲसिड टपकून सायलेन्सरच्या क्रोमवर जे पांढरे डाग पडले ते शेवटपर्यंत गेले नाहीत, म्हणून नवीन क्रोम झाल्यावर ठरवलं की आता सील पॅकच टाकायची.

पहिली मेंटेनन्स फ्री ११ महिने चालली. दुसरी ७ महिने. दोन्ही वेळा तेच, बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगली, डब्यात इतकी घट्ट बसली की स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटावी लागली. दुकानदार म्हणतो बुलेटचं व्हायब्रेशन जास्त, त्याने होतं, वॉरंटीत बसत नाही. ब्रँड दोन्ही वेळा वेगळे होते. आता री-पासिंग आलंय, हॉर्न आणि ब्रेक लाईट चालू लागणार. तिसऱ्यांदा पैसे घालायच्या आधी विचारतो, या गाडीला कुठली कंपनी, किती एएच, आणि सील पॅक मुळात चालते का?

आरएक्स_पुणे

कुठल्याही नावाजलेल्या कंपनीची घ्या, एक्साइड म्हणा ॲमरॉन म्हणा टाटा ग्रीन म्हणा, सगळ्यांचं ५ एएचचं मॉडेल मिळतं. माझ्या आरएक्स १०० मध्ये २.५ एएचची सील पॅक चार वर्षं झाली, काही त्रास नाही. अर्थात आमच्या गाडीला सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) आहे, बॅटरी काढून ठेवली तरी गाडी पळते, फक्त हॉर्न आणि इंडिकेटर बंद. तुमच्या पॉइंटवाल्याचं तसं नाही.

वायरमन_काका

थांबा. अजून बॅटरी घेऊ नका.

कोल्हापुरात ३२ वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलंय, आता मुलगा दुकान बघतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॅटऱ्या एकाच गाडीत एकाच पद्धतीने मेल्या तर दोष बॅटरीचा नाही, गाडीचा आहे. आणि व्हायब्रेशनने बॅटरी फुगत नाही. व्हायब्रेशनने प्लेटवरचा माल झडतो, आतला जोड तुटतो, बॅटरी एकदम मरते. फुगते ती जास्त चार्जिंगने आणि उष्णतेने.

नीट समजून घ्या. सील पॅकमध्ये ॲसिड मोकळं नसतं, प्लेटांच्या मध्ये काचेच्या धाग्यांची गादी असते, ब्लॉटिंग पेपरसारखी, तिने ॲसिड शोषून धरलेलं असतं. याला एजीएम म्हणतात. चार्ज होताना जो थोडाफार गॅस तयार होतो तो आतल्या आत परत पाणी होतो. पण हे किती वेगाने होणार याला मर्यादा आहे. चार्जिंगचं व्होल्टेज सारखं १५ च्या वर राहिलं की गॅस जास्त होतो, बॅटरी तापते, प्रेशर वाढतं, व्हॉल्व्हमधून गॅस बाहेर जातो, आणि तेवढं पाणी कायमचं गेलं. पाणी टाकायच्या बॅटरीत हेच होत होतं, फरक इतकाच की तुमचे वडील दर महिन्याला सिरिंजने ते पाणी परत भरत होते. म्हणून ती चालली. सील पॅकला ती सोयच नाही.

तेव्हा एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, तीनशे-चारशेत मिळतो. एक चांगली, पूर्ण चार्ज असलेली बॅटरी कुणाची तरी तात्पुरती मागून लावा, मेलेल्या बॅटरीवर घेतलेलं माप खरं येत नाही. मीटर २० व्होल्ट डीसीवर, टोकं थेट बॅटरीच्या टर्मिनलवर. गाडी बंद असताना, मग आयडलला, मग रेस करून. बुलेटला आरपीएम मीटर नाही, कानाने समजा, मोकळ्या रस्त्याला पन्नासच्या स्पीडला असतो तेवढा आवाज आणि तिथे पाच-सात सेकंद धरा. आकडे इथे टाका.

घाटवाट_९६

काका खूप आभार. रविवारी करतो. एक विचारू का, नेसेलवरचा (हेडलाईटच्या घरावरचा) अँपमीटरचा काटा चालवताना कायम प्लसकडेच असायचा, अगदी कासला जाऊन आलो तरी. मला वाटायचं चार्जिंग मस्त चालू आहे.

वायरमन_काका

तिथेच उत्तर आहे. किक मारल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं काटा प्लसकडे जाणार, बरोबर. पण बॅटरी भरली की तो मधे यायला पाहिजे, शून्याच्या जरासा पुढे. तास दीड तास चालवून काटा प्लसला चिकटलेला असेल तर भरलेल्या हंड्यात नळ सोडून ठेवलाय असं समजा.

गिअरवाली_ठाणे

धागा वाचतेय. माझ्याकडे आजोबांची १९८९ ची बुलेट येणार आहे पुढच्या महिन्यात, त्यामुळे सगळं लिहून घेतेय. काका, पॉइंटवाल्या गाडीला बॅटरी नसेल तर सुरूच होत नाही का?

वायरमन_काका

ताई, बॅटरी-कॉइल इग्निशन आहे, स्पार्कसाठीची वीज बॅटरीतून येते. बॅटरी पूर्ण बसली तर किक मारून पाय दुखेल, गाडी सुरू होणार नाही. आणि एक सवय आजच लावून घ्या. चावी ऑन ठेवून गाडी बंद अवस्थेत सोडायची नाही. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइलमधून ३-४ अँपिअर वाहत राहतात, ५ एएचची बॅटरी तास-सव्वा तासात संपते आणि कॉइल तापून जळते ती वेगळीच.

बुलेट_मावळ

ताई, तो अँपमीटर नुसता शोभेचा नाही, किक मारायला पण तोच लागतो. चावी ऑन करा, किक हळूहळू दाबत जा, काटा मायनसकडे झुकलेला दिसेल म्हणजे पॉइंट मिटलेत, कॉम्प्रेशन लागलं की डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधलं प्रेशर सोडणारा लिव्हर) दाबून किक अजून जराशी खाली न्या, काटा टुणकन मधे येतो, पॉइंट उघडले. लिव्हर सोडा, किक वर येऊ द्या, आता एकच पूर्ण किक मारा, ढकलायची नाही, अंगाचं वजन टाकायचं. माझ्या वडिलांनी हे मला अंधारात शिकवलं होतं फक्त काटा बघून. पण बॅटरी मेलेली असली की काटा हलतच नाही आणि मग नवा माणूस किकबॅक (किकचा उलटा झटका) खातो, घोटा सुजतो. म्हणून या गाडीत बॅटरी धड असणं महत्त्वाचं.

येझदी_७६

माझा प्रश्न पण इथेच विचारतो, वेगळा धागा काढत नाही. १९७६ ची येझदी आहे नाशिकला, ६ व्होल्ट, डायनामोवाली. ६ व्होल्टची पाणी टाकायची बॅटरी आता मिळायला कटकट, मिळाली तर किती दिवस शेल्फवर पडून होती माहीत नाही. एका मित्राने इमर्जन्सी लाईटमध्ये येते ती ६ व्होल्ट ४ एएचची सील पॅक टाकली आहे. दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी डे ला आम्ही सगळे जमतो तेव्हा बघितली, त्याने जुन्या एबोनाइटच्या काळ्या बॅटरीची खोकी आतून रिकामी करून, सोड्याच्या पाण्याने स्वच्छ धुऊन, त्यात ही छोटी बसवली आहे, वरून टोपणं जुनीच. बाहेरून बघणाऱ्याला १९७६ ची ओरिजिनल वाटते. मला फार आवडलं. पण ती टिकेल का?

वायरमन_काका

चालते, अटी आहेत. इमर्जन्सी लाईट आणि यूपीएसच्या बॅटऱ्या एका जागी बसून राहण्यासाठी बनवलेल्या असतात. ६ व्होल्ट ४ एएचचं माप साधारण ७० बाय ४७ आणि उंची शंभरच्या जराशी वर, मिलीमीटरमध्ये, त्यामुळे जुन्या खोक्यात आरामात जाते आणि चारी बाजूंनी फोम भरायला जागा राहते. फोम भराच. तिचे टर्मिनल चपटे पात्याचे असतात, त्यावर क्लिप घट्ट बसवा, धक्क्याने क्लिप सुटली की स्पार्क गेला.

दुसरं म्हणजे अशा बॅटरीला चार्जिंगचा करंट जास्त सोसत नाही, तिच्या एएचच्या तीस टक्क्यांच्या आसपास कंपनी मर्यादा लिहिते, म्हणजे ४ एएचला सव्वा अँपिअरपर्यंत. तुमचा डायनामो त्याच्या कितीतरी पट देऊ शकतो. बॅटरी भरलेली असेल तर ती तेवढं ओढत नाही, पण पूर्ण उतरलेली बॅटरी डायनामोवर भरायला काढलीत तर ती तापणार. उतरली तर घरी छोट्या चार्जरवर भरून मगच लावा. आणि कटआऊट-रेग्युलेटरची (डायनामोचं व्होल्टेज आवरणाऱ्या डबीची) पट्टी कुणाकडून तरी सेट करून घ्या, दिवे बंद ठेवून रेस केल्यावर बॅटरीवर ७.२ च्या फार वर जाता कामा नये. इतक्या वर्षांत त्या पट्टीच्या स्प्रिंगला कितीजणांनी पक्कड लावली असेल सांगता येत नाही.

राजेहो_नागपूर

राजेहो, आमच्याकडचं ऊन पण मोजा. मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो अन गाडी टिनाच्या शेडमधे. माझ्या बुलेटचं चार्जिंग तपासलेलं आहे, १४.२ देते, तरी बॅटरी अडीच वर्षाच्या वर जात नाही. शेजारच्या पोराची गाडी पुण्यात, त्याची पाच वर्षं गेली.

वायरमन_काका

ढोबळ नियम आहे, पंचविसाच्या वर दर दहा अंशाला सील पॅकचं आयुष्य निम्मं धरायचं. उभ्या गाडीत आपोआप उतरण्याचा वेगही दर दहा अंशाला साधारण दुप्पट. शेडला वरून पांढरा रंग द्या, टाकी आणि सीटवर झाकण टाका, आणि उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा व्होल्टेज बघा. १२.४ च्या खाली गेली तर लगेच चार्जला लावायची, तशीच ठेवली तर प्लेटवर सल्फेट जमतं आणि ते पुढे निघत नाही.

देवगड_मोटरसायकल

आमच्याकडे उन्हापेक्षा खारा वारा. टर्मिनलवर आठ दिवसांत हिरवं-पांढरं धरतं. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासायचं, कोरडं करायचं, नट घट्ट करून मग वरून व्हॅसलिन. आधी व्हॅसलिन लावून मग नट नाही, आधी धातूला धातू लागला पाहिजे. सील पॅक असली तरी हे करायचंच, मेंटेनन्स फ्री म्हणजे बघायचंच नाही असा अर्थ आमच्याकडे लोक घेतात आणि लग (वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा) तुटून हातात येतो.

घाटवाट_९६

काका, आकडे घेतले. शेजारच्यांची पाणी टाकायची चांगली बॅटरी मागून लावली.

बंद असताना १२.६
आयडलला १३.१
रेस केल्यावर १५.९, आणि धरून ठेवलं तर १६ पण दाखवला एकदा

हेडलाईट लावला तरी तेवढंच, काही फरक नाही. रेग्युलेटर-रेक्टिफायर (अल्टरनेटरची एसी वीज डीसी करून व्होल्टेज आवरणारा) नवीनच आहे, रिस्टोरेशनच्या वेळी टाकलेला. मग तो खराब निघाला का? नवीन मागवू?

वायरमन_काका

१५.९ ला कुठलीही सील पॅक जगणार नाही, दहा हजारांची आणलीत तरी. रेस केल्यावर १३.८ ते १४.५ च्या मधे हवं. हेडलाईटने फरक पडत नाही कारण तुमच्या गाडीत हेडलाईट थेट अल्टरनेटरच्या एसीवर आहे, बॅटरीवर नाही, ते ठीक आहे.

रेग्युलेटर मागवू नका अजून. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की सगळ्या ब्रॅकेटला पावडर कोटिंग केलं. रेग्युलेटरची बॉडी ॲल्युमिनियमची, ती ब्रॅकेटला बोल्टने बसते आणि तिची अर्थिंग त्या ब्रॅकेटमधून फ्रेमला जाते. पावडर कोटिंग म्हणजे प्लॅस्टिकचा थर, त्यातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम लागत असेल तेवढीच अर्थिंग.

आता हे माप घ्या. काळं टोक बॅटरीच्या मायनसवर, लाल टोक रेग्युलेटरच्या बॉडीवर, जिथे उघडा धातू आहे तिथे टोचून. गाडी चालू, रेस करा. तिथे ०.१-०.२ व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये.

घाटवाट_९६

ऑफिसमधून येऊन लगेच केलं. १.५ दाखवतोय. रेस कमी केली की कमी होतो.

वायरमन_काका

सापडलं. दीड व्होल्ट त्या खराब अर्थिंगमध्ये खर्च होतोय. रेग्युलेटर स्वतःच्या बॉडीपासून मोजतो, त्याला १४.४ दिसतात, तो समाधानी आहे. बॅटरीवर मात्र त्याच्यात दीड मिळवून १५.९ जातात. रेग्युलेटर चांगला आहे, त्याला चुकीचं दिसतंय एवढंच.

ब्रॅकेट काढा, बॉडी टेकते तेवढ्या जागेचं कोटिंग पॉलिश पेपरने घासून लोखंड उघडं करा, मागे फ्रेमला जिथे बसतो तिथेही. आणि नुसत्या त्यावर विसंबू नका, रेग्युलेटरच्या बोल्टपासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत २.५ स्क्वेअर एमएमची एक काळी वायर टाका, दोन्ही टोकांना गोल लग दाबून. उघड्या लोखंडावर थोडं ग्रीस, गंजू नये म्हणून. बॅटरीच्या मायनसची फ्रेमला जाणारी पट्टी पण तशीच तपासा.

बुलेट_मावळ

काका दंडवत. माझ्या ओळखीत दोघांची गाडी रिस्टोर केल्यापासून बॅटरी खाते. दोघांनाही ही लिंक पाठवली.

लेस्टरकर

इकडून, इंग्लंडमधून, थोडी भर. माझी १९६९ ची ट्रायम्फ बोनविल आहे, १२ व्होल्ट. जुन्या ब्रिटिश गाड्या घेणाऱ्या मराठी मंडळींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, यांच्यातल्या बहुतेकांत बॅटरीचा प्लस फ्रेमला असतो. पॉझिटिव्ह अर्थ. सवयीने मायनस फ्रेमला लावला की रेक्टिफायर आणि झेनर क्षणात जातो. बॅटरी बदलताना जुन्याचा फोटो काढूनच वायर सोडतो मी. इकडे हेडलाईटच्या खाली पंखांची ॲल्युमिनियमची वाटी असते, त्यात झेनर डायोड, जास्तीचं व्होल्टेज तो उष्णतेत जाळतो. सील पॅक टाकण्याआधी मोजलं तर १५ च्या जवळ जात होतं, म्हणून तो काढून पॉझिटिव्ह अर्थला चालणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर-रेक्टिफायर टाकला, वाटी शोभेला तशीच ठेवली. थंडीत चार महिने गाडी उभी असते, तेव्हा बॅटरीला आपोआप थांबणारा छोटा चार्जर लावून ठेवतो. ही सील पॅक सहाव्या वर्षात आहे.

ऋत्विक_आर

लिथियम का नाही टाकत कुणी? वजन अगदी कमी, आकार छोटा.

वायरमन_काका

मोटरसायकलसाठीच्या लिथियम बॅटऱ्या बहुतेक आयर्न फॉस्फेटच्या असतात, चार सेलच्या, त्यांना वरची मर्यादा १४.६ च्या आसपास आणि ती खरोखर मर्यादा आहे, जरा इकडे तिकडे चालतं असं नाही. आत संरक्षणाचं सर्किट असेल तर ते जास्त व्होल्टेजला बॅटरी तोडून टाकतं. पॉइंटवाल्या गाडीत चालू असताना अचानक बॅटरी सर्किटमधून गेली तर अल्टरनेटर मोकळा सुटतो आणि जास्तीचं व्होल्टेज बल्ब, कॉइल यांच्यावर येतं. रेग्युलेटरची पूर्ण खात्री असेल तर टाका. किक मारायच्या बुलेटला किलोभर कमी करून काय मिळतं ते मला कळलेलं नाही, पण आवड ज्याची त्याची.

घाटवाट_९६

काम झालं. ब्रॅकेट घासताना कोटिंगचा थर निघाला, नखाएवढे पापुद्रे निघत होते, आणि खाली बोल्टच्या भोवती काळी जळकी कडी दिसली, म्हणजे तिथेच सगळा करंट कसाबसा जात होता. आता रेस केल्यावर १४.३. बॉडी ते मायनस ०.०४.

आता खरा प्रश्न. ५ एएच घ्यावी की ७? दुकानदार म्हणतो मोठी घातली तर अल्टरनेटरवर लोड येतो.

वायरमन_काका

हे सगळीकडे ऐकू येतं. मोठी बॅटरी ओढून जास्त खात नाही. सिग्नलला उभं असताना तुम्ही जेवढं वापरलं तेवढंच तिला परत भरायचं असतं, हंडा मोठा असला तरी तुम्ही तांब्याच काढलाय. पूर्ण उतरली तर मात्र मोठी भरायला जास्त वेळ लागतो, एवढाच फरक.

ब्रेक लाईटचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर खातो. इंडिकेटर दहा-दहाचे दोन असतील तर ते पेटलेले असताना साधारण तेवढंच. त्यात कॉइल. आयडलला तुमची गाडी १३.१ देते म्हणजे सिग्नलला ब्रेक दाबून उभं राहिलात की बॅटरीतूनच जाणार. साताऱ्यात ५ पुरते. पुण्या-मुंबईत रोज चालवणाऱ्याने ७ घ्यावी किंवा ब्रेक लाईटला एलईडी टाकावा.

आता माप. १२एन५-३बी ही जुनी पाणी टाकायची, १२० बाय ६०, उंची १३०. सील पॅकमध्ये वायटीएक्स५एल-बीएस ११३ बाय ७०, उंची १०५. वायटीएक्स७एल-बीएसचा तळ तोच ११३ बाय ७०, उंची १३०. कंपनी आपापलं नाव पुढे लावते, पण हा कोड किंवा त्याच्या जवळचा कोड बाजूला छापलेला असतो. म्हणजे लांबीला कमी, रुंदीला १ सेंटीमीटर जास्त. रुंदीलाच अडकते, ते बघा. त्यातला ‘एल’ प्लस कुठल्या बाजूला आहे ते सांगतो, तुमची लाल वायर ओढाताण न करता पोचली पाहिजे. यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच कुणी सुचवेल, स्वस्त असते, पण ती १५१ मिलीमीटर लांब, तुमच्या डब्यात आडवी-उभी कशीच बसणार नाही.

शेवटचा ‘बीएस’ म्हणजे ॲसिडची बाटली सोबत येते. बॅटरी कोरडी असते, दुकानात ॲसिड भरतात. इथे सगळ्यात जास्त गडबड होते. ॲसिड भरून दहा मिनिटांत गिऱ्हाइकाच्या हातात देतात. ॲसिड भरल्यावर अर्धा तास तरी तशीच ठेवायची, गादी पूर्ण भिजू द्यायची, मग टोपणपट्टी दाबून बसवायची, ती परत कधी उघडायची नाही, आणि मग एएचच्या दहाव्या हिश्शाने, म्हणजे ५ एएचला अर्ध्या अँपिअरने, पूर्ण चार्ज करायची. पहिला चार्ज अर्धवट राहिला तर ती बॅटरी जन्मभर अर्धवट राहते. फॅक्टरीतूनच भरून आलेली असेल तर तारखेचा शिक्का बघा आणि दुकानातच मीटर लावा, १२.८ च्या आसपास असेल तर घ्या, १२.४ असेल तर दुसरी मागा.

गिअरवाली_ठाणे

वॉरंटीचं पण सांगा ना काका. २४ अधिक २४ महिने असं लिहिलेलं असतं ते काय?

वायरमन_काका

पहिले २४ बिघडली तर फुकट बदलून, पुढचे २४ प्रो-रेटा, म्हणजे नवीन बॅटरीवर ठराविक टक्के सूट. कार्डावर विक्रीची तारीख, गाडीचा नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय दुकानातून निघायचं नाही. फुगलेली बॅटरी बहुतेक कुणी वॉरंटीत घेत नाही, ओव्हरचार्जिंग गाडीचा दोष धरतात आणि ते बरोबर आहे. जुनी बॅटरी परत द्या, तिचे भंगाराचे पैसे बिलातून वजा होतात. २०२२ च्या बॅटरी वेस्टच्या नियमांत ती परत घ्यायची जबाबदारी कंपनीवर टाकलेली आहे. ॲसिड गटारात ओतून शिसं भंगारवाल्याला देणारे मी खूप बघितलेत, कृपा करून तसं करू नका, ते पाणी कुणाच्या तरी विहिरीत जातं.

घाटवाट_९६

दुकानात जायच्या आधी पुठ्ठ्याचे दोन डबे करून बघितले, ११३ बाय ७० चे, एक १०५ उंच आणि एक १३०. उंच डबा आत गेला पण झाकण लागेना, वरच्या कोपऱ्यात एका बोल्टचं डोकं आत आलेलं आहे, त्यावर पुठ्ठा फाटला. तो बोल्ट म्हणजे प्लस टर्मिनलच्या बरोबर वर. १०५ वाला व्यवस्थित बसला, खाली रबरी पायपुसण्याचा तुकडा कापून टाकायला पण जागा राहिली. म्हणून ५ एएच.

दुकानात मोजून दाखवायला सांगितलं तसा दुकानदाराने पण मीटर आणला. बाटलीवालीच मिळाली. मी सांगितलं घाई नाही, अर्धा तास ठेवा, चार्जला लावा, मी उद्या येतो. दुसऱ्या दिवशी तासभर चार्जरवरून काढून ठेवलेली, १२.९ होती. लावली. किकला काटा मायनसवरून मधे आला, दुसऱ्या किकला सुरू.

राजेहो_नागपूर

अभिनंदन राजे. पासिंग कधी?

घाटवाट_९६

झालं पासिंग. हॉर्न, ब्रेक लाईट, इंडिकेटर सगळं पहिल्याच वेळी. आईला मागे बसवून यवतेश्वरचा घाट चढून आलो, बाबा गेल्यापासून ती या गाडीवर बसली नव्हती. वर पोचेपर्यंत काटा मधे येऊन थांबला होता, शून्याच्या जरासा पुढे, काका म्हणाले होते तसाच. चार दिवस गाडी हलवली नाही, आज मोजलं, १२.८.

वायरमन_काका

छान. त्या बोल्टच्या डोक्याला टेप नको, प्लस टर्मिनलला रबरी बूट घातलंत का?

घाटवाट_९६

घातलं काका. आणि बोल्ट पण उलटा फिरवून बसवला, डोकं आता बाहेरच्या बाजूला आहे.